उलटा बसलेला माणूस

आई सांगलीला परत जायच्या आधीचा तो शेवटचा रविवार होता, ३० सप्टेंबर २०१८. ऑफिसातल्या एकाने बेसबॉलची दोन तिकिटं माझ्या हातात कोंबली होती. त्याच्या घरी कुणीतरी तापाने पडलं होतं आणि तिकिटं वाया चालली होती. मला बेसबॉलचं काही प्रेम नव्हतं. पण सहा महिन्यांत आईला मॉल, तळी आणि भारतीय वाण्याचं दुकान याखेरीज मी काही दाखवलं नव्हतं, त्याची टोचणी होती. मिनियापोलिसची हवा त्या दिवशी तशी बरी होती, आईच्या मते मात्र कडाक्याची थंडी. साडीवर स्वेटर, त्यावर माझं जुनं जॅकेट, डोक्याला कानटोपी आणि पर्समध्ये पिशवीत बांधलेल्या चकल्या, अशा जामानिम्यानिशी आम्ही टार्गेट फील्डच्या बऱ्याच वरच्या रांगेत जाऊन बसलो. खाली मैदान रांगोळीसारखं आखलेलं. आईने पाचेक मिनिटं निरखून पाहिलं आणि विचारलं, “तो एकटाच उलटा का बसलाय रे?”

मी म्हटलं, अगं तो कीपर. म्हणजे कॅचर. “कीपर मला कळतो,” आई म्हणाली. ते खरंच होतं. अण्णांच्या मॅचेसची स्कोअरबुकं लग्नानंतरची पहिली काही वर्षं तिनेच लिहिली आहेत. “पण कीपरच्या शेजारी स्लिप असते, मागे फाइन लेग असतो. इथे बघ. आठ जणांची तोंडं इकडे आणि ह्या एकट्याचं तिकडे. वर्गात मास्तर बसल्यासारखा.” मग थोड्या वेळाने, “आणि मास्तर असून उकिडवा का बसतो बिचारा? दर बॉलला खाली, दर बॉलला वर. असे किती बॉल असतात?” एका संघाचे साधारण दीडशे, मी फोनवर बघून सांगितलं. “दीडशे उठाबशा!” एवढं बोलून तिने चकल्यांची गाठ सोडली.

ती मॅच आईने कॅचरकडे बघत काढली. मी आणि बाकीचं स्टेडियम बघत होतो फर्स्ट बेसवरच्या सात नंबरकडे. नाव त्याचं ‘जो मावर’. त्याने अजून काही जाहीर केलं नव्हतं, पण हा त्याचा शेवटचा सामना असणार हे सगळ्या गावाला कळून चुकलं होतं. मॅच सुरू होताना दोन लहान मुली पळत पळत मैदानात गेल्या आणि त्याच्या गळ्यात पडल्या. जुळ्या. संघाचं नावच ट्विन्स, म्हणजे जुळे, कारण मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही नदीच्या दोन काठांवरची जुळी शहरं. मावर पलीकडच्या काठाचा, सेंट पॉलचा. सातव्या डावात त्याने एक फटका मारला आणि पस्तिशीच्या वयात जीव खाऊन सेकंड बेसपर्यंत पळाला. लोक उभे राहिले. आई बसूनच होती.

मग नववा, शेवटचा डाव. ट्विन्स एका धावेने पुढे, क्षेत्ररक्षणाला उतरलेले. सगळे आपापल्या जागी गेले, पण फलंदाजाच्या पाटीमागची, कॅचरची ती जागा रिकामी. आईनेच पहिल्यांदा पाहिलं. “उलटा कुठे गेला?” आणि डगआउटमधून सात नंबर बाहेर आला. छातीवर चिलखत, पायांना गुडघ्यापर्यंत गार्ड, डोक्यावर तो पिंजरा. तीस हजार माणसांचा आवाज मी त्याआधीही ऐकला होता, पण हा वेगळा होता. ओरडण्यासारखा नव्हताच. समोरचा शिकागोचा संघही टाळ्या वाजवत होता. मावर पाटीमागे जाऊन उभा राहिला, हाताने डोळे पुसले, आणि उकिडवा बसला. पिचरने एक चेंडू टाकला. फलंदाजाने बॅट हलवली नाही. चेंडू त्याच्या मिटमध्ये, जाड ग्लोव्हमध्ये, गेला. मावर उठला, डोक्यावरचं काढून हातात घेतलं, चारी बाजूंना दाखवलं आणि आत निघून गेला. दुसरा कॅचर आला.

एक चेंडू.

शेजारचा सहा फुटी दाढीवाला माणूस हुंदके देत होता. आईने विचारलं, काय झालं सगळ्यांना? मी सांगितलं की हा मूळचा कॅचर. पाच वर्षांपूर्वी डोक्याला चेंडू बसला, मेंदूला इजा झाली, त्यानंतर त्या जागेवर बसणं बंद. फर्स्ट बेसवर गेला तो पुन्हा कधी इथे आला नाही. “मग आज कसं बसू दिलं?” एकदाच, म्हटलं मी. एकाच बॉलसाठी. आई उभी राहिली, दाढीवाल्याबरोबर टाळ्या वाजवल्या, खाली बसली आणि समोर बघत म्हणाली, “ह्यांनीपण एकदाच म्हणूनच मागितलं होतं.”

काय मागितलं होतं, मी विचारलं. “चल,” ती म्हणाली, “पाय आखडले.” आठवड्याने ती विमानात बसली.

अण्णा एका बँकेत क्लार्क होते आणि बँकेच्या संघाचे विकेटकीपर. आमच्या घरात क्रिकेटला वास होता, आवाज नंतर आला. कीपिंग ग्लोव्हजचा वास ज्याने घेतलाय त्यालाच तो कळेल: घाम, जुनं रबर, कातडं, थोडी माती, आणि उन्हात वाळवूनही आत उरलेला दमटपणा. त्यांच्या आत घालायचे शॅमॉयच्या मऊ कातड्याचे पिवळे इनर्स अण्णा रविवारी रात्री स्वतः धुवायचे, साबण न लावता, आणि मोरीवरच्या दोरीवर बोटं खाली करून टांगायचे. दोन पिवळे हात रात्रभर थेंब गाळत लटकलेले असायचे. मी लहानपणी त्यांना घाबरत असे.

मी सहा वर्षांचा असताना अण्णांना लागलं. मॅटिंगची विकेट, हेल्मेट वगैरे कुणाला ठाऊक नाही, अण्णा स्टंपांना चिकटून उभे. बॅटची कड घेऊन चेंडू डाव्या भुवईवर. सात टाके पडले. ते बरे झाले, पण त्यानंतर महिना-दीड महिना त्या डोळ्याला एकाचे दोन दिसायचे. आयर्विन पुलावरून येताना सायकल हातात धरून चालत येत. मला आठवतं ते एवढंच, आणि त्यानंतर अण्णा क्रिकेट खेळत नाहीत हे आमच्या घरातलं एक सत्य, भिंतीवरच्या घड्याळासारखं. ते पिवळे इनर्स पुढे स्वयंपाकघरात आले. आई ते घालून गरम पातेली उतरवायची. मला त्याची गंमत वाटे. मित्रांना बोलावून दाखवायचो की बघा, आमची आई कीपर आहे. २०११ साली अण्णा गेले. त्यांनी कधी कुणाकडे काही मागितलं असेल, हेच मुळात मला पटणारं नव्हतं.

आईला फोनवर विचारायचं मी टाळलं. त्याऐवजी मावरबद्दल वाचत बसलो. विचारायचं असतं एकाला, आणि आपण दुसऱ्याचीच चौकशी करत बसतो.

हा मुलगा शाळेत असताना अमेरिकन फुटबॉलचाही एवढा चांगला खेळाडू होता की फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने त्याला क्वार्टरबॅक म्हणून शिष्यवृत्ती देऊ केली होती. शाळेच्या चार वर्षांच्या बेसबॉलमध्ये तो एकदाच, फक्त एकदा, स्ट्राइकआउट, म्हणजे फटका न बसताच बाद, झाला, ही गोष्ट सेंट पॉलमध्ये अजून लग्नाच्या पंगतीत सांगतात. २००१च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, ट्विन्सने सगळ्या देशातून पहिला म्हणून त्याला उचलला. आणि त्याला बसवलं कुठे, तर जिथे बसल्यावर फलंदाजी मरते तिथे. ही गोष्ट क्रिकेटवाल्यांनी नीट समजून घ्यायला हवी. आपल्याकडे कीपर वेगवान गोलंदाजाला पंधरा-वीस यार्ड मागे उभा असतो. पिचर टाकतो ते ६० फूट ६ इंचांवरून, म्हणजे आपल्या खेळपट्टीपेक्षा साडेपाच फूट जवळून, ताशी दीडशे किलोमीटरने. आणि कॅचर बॅटच्या मागे हातभर अंतरावर, टाचांवर. हंगामात सामने १६२. दोन तास मांड्या भरून आल्यावर उठून बॅट हातात घ्यायची. म्हणून कॅचरने फलंदाजीत कसर सोडली तरी लोक चालवून घेतात. अमेरिकन लीगमध्ये २००६पर्यंत एकाही कॅचरने सरासरीचं अजिंक्यपद मिळवलं नव्हतं. मावरने त्या वर्षी मिळवलं, मग २००८ला, मग २००९ला. २००९ची सरासरी ३६५, म्हणजे हजारात तेवढ्या वेळा हिट. ऐकायला कमी वाटतं. चांगल्या फलंदाजाची तीनशेच्या आसपास असते.

पण खरी मौज आकड्यांच्या बाहेर आहे. पिचरने कुठला चेंडू टाकायचा हे कॅचर सांगतो. दोन मांड्यांच्या मधल्या अंधारात बोटं हलवून, फलंदाजाला आणि बाजूच्या कोचला दिसू न देता. (२०२२पासून त्यासाठी बटणांचं यंत्र आलं. बोटांची भाषा गेली, मला उगाच वाईट वाटलं.) फलंदाज आज कुठे उभा आहे, मागच्या वेळी कशावर फसला, आपला पिचर घाबरलाय की चिडलाय, हे सगळं त्याने लक्षात ठेवायचं. मग तो चेंडू झेलायचा, तोही असा की जरा बाहेरून आलेला चेंडूही मिट अलगद आत ओढून अंपायरला सरळ वाटावा. ही लबाडी आहे, पण राजमान्य लबाडी, आणि ती जितकी चांगली तितकी कुणाच्या नजरेला न येणारी. २०२६च्या हंगामापासून चेंडूवर शंका आली तर यंत्राकडे दाद मागता येते, म्हणजे तीही कला थोडी उघडी पडली. जमिनीवर आपटून आलेला चेंडू अंगावर घ्यायचा. धाव चोरणाऱ्याला बाद करायला सव्वाशे फुटांहून लांब सेकंड बेसवर फेकायचं, आणि हातात चेंडू आल्यापासून तिथे पोचेपर्यंत दोन सेकंद. एवढं सगळं करून सामना जिंकला की वर्तमानपत्रात पिचरचं नाव.

कॅचरच्या त्या चिलखताला अमेरिकेत पूर्वीपासून ‘अज्ञानाची अवजारं’ म्हणतात. शहाणा माणूस असली जागा घेईलच कशाला, असा त्याचा अर्थ. हा शब्द मडी रूएल नावाच्या कॅचरचा असं सांगतात, आणि तो गृहस्थ वकील होता. दुसरा एक जुना कॅचर, न्यूयॉर्क यांकीजचा, त्याला सगळं जग योगी बेरा म्हणून ओळखतं. त्याच्या मित्राने थिएटरात भारतावरचा एक माहितीपट पाहिला, त्यात मांडी घालून बसलेला योगी होता, आणि आपल्या मित्राची बैठक अगदी तश्शी आहे असं त्याला वाटलं. लॉरेन्सचा योगी झाला तो कायमचा. आईला हे फार आवडलं. “नाव तरी कुणी ठेवलं त्याला,” ती म्हणाली. “बाकीच्यांचं काय?”

मावरचं पुढे काय झालं ते गावाला शोभणारं नाही. २०१० साली ट्विन्सने त्याच्याशी आठ वर्षांचा, १८४ मिलियन डॉलरचा करार केला. वर्षाला तेवीस मिलियन. दुसऱ्याच वर्षी त्याचे पाय गळाले. संघाने अधिकृत कारण दिलं ‘दोन्ही पायांत अशक्तपणा’, आणि अख्ख्या मिनेसोटाने त्याची टिंगल केली. गुडघ्यांवर ज्याने संघ उचलला त्याच्या पायांची. मग १९ ऑगस्ट २०१३. न्यूयॉर्क मेट्सविरुद्धचा सामना. बॅटची कड घेऊन चेंडू मास्कवर. अशा फाउल टिपा कॅचरला रोज बसतात. झटकून पुन्हा खाली बसायचं असतं. ही एक बसली आणि आत काहीतरी हललं. तो हंगाम तिथेच संपला आणि नोव्हेंबरमध्ये त्याला फर्स्ट बेसवर हलवलं. चेंडू धूसर दिसतो हे तो कितीतरी काळ कुणाला बोलला नाही. त्या काळात मी इथे नवीन होतो. कँटीनमध्ये लोक म्हणायचे, तेवीस मिलियन घेतो आणि काम काय तर फर्स्ट बेसवर उभं राहायचं. मीही मान डोलावायचो. नवीन गावात मान डोलावणं सोपं असतं. आणि हीच माणसं त्या रविवारी रडत होती. मला त्या रडण्याचा राग येतो आणि मग आठवतं की मीही उभा राहिलो होतो.

अण्णा क्रिकेट सोडल्यावर पंचवीस वर्षं जगले. रविवारी सकाळी शिवाजी स्टेडियमवरून भाजी आणायला जायचे, जो रस्ता मंडईचा नाही. मला ते लक्षात यायला चाळिशी उलटावी लागली.

जानेवारी २०२४मध्ये मावरची बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, निवड झाली, पहिल्याच वर्षी. पंच्याहत्तर टक्के मतं लागतात, त्याला पडली शहात्तर पूर्णांक एक; गरजेपेक्षा चार मतं जास्त. वाद हाच होता की कॅचर म्हणून दहाच हंगाम खेळला, पुढचे पाच कशात धरायचे. पहिल्या झटक्यात निवडलेले कॅचर त्याच्या आधी दोनच, जॉनी बेंच आणि इव्हान रॉड्रिगेज. २१ जुलैला, हॉल ऑफ फेम जिथे आहे त्या कूपर्सटाउन गावी, सोहळा होता. तोही रविवार. टीव्ही लावून आवाज बंद केला आणि सांगलीला फोन लावला. तिकडे रात्र झाली होती. आई जागी होती.

“तो कॅचर आठवतो का तुला? एका बॉलसाठी आलेला?”

“उलटा बसणारा? न आठवायला काय झालं. बरा आहे ना?”

बरा आहे, सत्कार आहे आज त्याचा, मी म्हटलं. आणि सहा वर्षं घशात ठेवलेला प्रश्न विचारून टाकला. आई लगेच बोलली नाही. मग अगदी सरळ आवाजात, कुणाचा तरी पत्ता सांगावा तसं सांगितलं. टाके पडल्यानंतरच्या वर्षी मिरजेला फायनल होती. संघाच्या नव्या कीपरला कावीळ झाली. ऑफिसातले दोघे घरी आले, पोहे खाल्ले, चहा प्यायले, विषय काढला. त्यांच्यासमोर अण्णा काही बोलले नाहीत. ते गेल्यावर म्हणाले, एकच मॅच, मग नाव काढणार नाही. “मी हो-नाही काही म्हटलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, त्यांना तरी बोलता आलं असतं. ह्यांना वाटलं आपलं झालं काम. रात्री पिशवी खाली काढली, सगळं साहित्य ओट्याजवळ मांडून पुसत बसले. तेवढ्यात दूध वर आलं. मी ते आतले पिवळे ग्लोव्हज उचलले, हातात चढवले आणि पातेलं उतरवलं. ह्यांनी बघितलं. सकाळी पिशवी माळ्यावर गेलेली होती. ते दोन तेवढे खालीच राहिले.”

“सांडशी सापडली नसेल,” मी म्हटलं.

“सांडशी खिळ्यालाच होती.”

टीव्हीवर मावर सूट घालून, हातात कागद घेऊन उभा राहिला होता. ओठ हलत होते. मी आईला म्हटलं, अण्णांनी मॅच नाही, नुसता एक बॉल मागितला असता तर? त्या दिवशी तर उभी राहून टाळ्या वाजवल्यास.

“तिथे वाजवायला काय जातं रे,” आई म्हणाली. “तो माझा कोण होता?”

नंतर बराच वेळ ती माझ्या मुलीच्या शाळेबद्दल बोलली, पाऊस किती झाला, कृष्णेला पाणी किती वाढलंय ते सांगितलं. ठेवता ठेवता तिने विचारलं, त्याची बायको आली आहे का सत्काराला. मी टीव्हीकडे पाहिलं. आली होती.